विमाने येतील; वैमानिकांचे काय?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या वेळी लोहगावच्या बाजूने आकाश चिरीत जाणारा आवाज येतो. नव्याने कामास लागलेला पोरगा मान वर करून पाहतो. वीस वर्षे यंत्रावर काढलेला कामगार पाहतही नाही. सुखोई गेले, एवढे त्याला आवाजावरून कळते. दिघी, मोशी, आळंदी या टापूत हा आवाज इतका नित्याचा झाला आहे की, त्याविषयी कोणी बोलत नाही. परंतु त्या विमानात बसलेला तरुण तेथवर कसा पोहोचला, त्याला किती वर्षे लागली आणि त्याच्यासारखे पुरेसे तरुण आज देशाजवळ आहेत काय, या प्रश्नांचा विचार आता करावयास हवा.

हा विचार करण्याचा अधिकार या पट्ट्यातील नागरिकांना इतरांहून थोडा अधिकच आहे. आमच्या एका बाजूस खडकवासला आहे. तेथे १९५५ च्या जानेवारीत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सुरू झाली व वैमानिक होऊ इच्छिणारा मुलगा आपला पहिला धडा तेथे गिरवितो. दुसऱ्या बाजूस लोहगाव आहे. सुखोई-३० एमकेआय हे विमान हवाई दलात प्रथम दाखल झाले ते २००२ च्या सप्टेंबरात याच तळावर. आणि भोसरी-चाकणवरून जो नाशिक रस्ता जातो, त्या दिशेने नाशिकच्याही पुढे गेले की ओझर लागते. तेथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई तयार झाली. माणूस जेथे घडतो, जेथून तो उडतो आणि त्याचे विमान जेथे बनते, अशी तिन्ही ठिकाणे ज्या शहरापासून काही तासांच्या अंतरावर आहेत, त्या शहराने या विषयाकडे केवळ आवाजाची तक्रार म्हणून पाहू नये.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर मिग-२१ या विमानास समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ पासून बासष्ट वर्षे त्याने सेवा केली. त्याच्या निवृत्तीनंतर लढाऊ स्क्वाड्रनांची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या ४२ आहे. निरोपाच्या आदल्याच दिवशी सरकारने ९७ तेजस विमानांचा ६२ हजार कोटी रुपयांहून मोठा करार केला. २०२१ साली ८३ विमानांचा करार झालाच होता. त्यांतील पहिले विमान २०२४ च्या मार्चपर्यंत हवाई दलाच्या हाती यावयाचे होते, ते आले नाही. पुढे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझर येथे तेजसच्या नव्या उत्पादन शाखेचे उद्घाटन झाले व तेथे बनलेल्या पहिल्या तेजसने त्याच दिवशी उड्डाण केले. मराठी माणसास अभिमान वाटावा अशी ही गोष्ट होय. तथापि या साऱ्या चर्चेत मोजदाद होते ती विमानांची. वैमानिकांची मोजदाद कोणी करीत नाही.

ती भारताच्या महालेखापालांनी केली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेपुढे आलेल्या त्यांच्या अहवालातील आकडे प्रत्येक सुशिक्षित नागरिकाने लक्षात ठेवावेत असे आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत हवाई दलास ४८६ वैमानिक कमी पडत होते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ ते २०२१ या काळात दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घेण्याचे ठरले. प्रत्यक्षात तेवढे घेतले गेले नाहीत आणि २०२१ अखेर उणीव कमी होण्याऐवजी ५९६ वर गेली. सहा वर्षे औषध घेऊन रोग वाढला, असा याचा सरळ अर्थ आहे. उद्या ओझरहून विमानांची रांग बाहेर पडली तरी त्यांत बसावयास माणसे हवीत. आणि माणसांची आगाऊ मागणी नोंदवून ती मिळत नसतात.

वैमानिक कसा घडतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. बारावीच्या सुमारास मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देतो. त्यानंतर निवड मंडळापुढे पाच दिवस त्याची पारख होते. ज्याला हवाई दलाची उड्डाण शाखा हवी, त्याला आणखी एक कसोटी द्यावी लागते. डोळा, हात आणि चित्त एकाच वेळी चालविता येते की नाही हे यंत्रावर पाहणारी ही कसोटी आयुष्यात एकदाच देता येते. तीत जो नापास झाला, त्याला वैमानिक होण्याचे दार पुन्हा उघडत नाही. पुढे वैद्यकीय तपासणी असते व तीत पायांची लांबीसुद्धा मोजतात, कारण विमानाची बैठक माणसानुसार बदलत नाही. खडकवासल्यास तीन वर्षे काढल्यावर तो हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील वायुसेना अकादमीत जातो. तेथे पिलाटस या विमानावर त्याचे प्राथमिक शिक्षण होते आणि मग वाटा फुटतात. कोणी लढाऊ विमानांकडे जातो, कोणी मालवाहू विमानांकडे, कोणी हेलिकॉप्टरकडे.

ही वाटणी मुलाच्या इच्छेवर होत नाही. गुणानुक्रम, शिक्षकांचे मत आणि सेवेची गरज यांवर ती ठरते. लढाऊ विमानाचे स्वप्न घेऊन आलेल्या मुलास मालवाहू विमान मिळाले म्हणजे घरी निराशा होते. ही निराशा अज्ञानातून आलेली असते. हिमालयातील ठाण्यांवर धान्य व दारूगोळा पोहोचविणारा आणि पुरात अडकलेली माणसे उचलून आणणारा वैमानिक कोणाहून कमी नव्हे. लढाऊ शाखेकडे गेलेला मुलगा किरण विमानावर शिकतो व त्यानंतर बिदर येथे हॉक विमानावर त्याची तयारी होते. बारावी झालेला मुलगा सीमेवरच्या स्क्वाड्रनात स्वतःच्या जबाबदारीवर उडू लागेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. विमानाचा करार एका सहीने होतो. या वर्षांना तसा आडमार्ग नाही.

कारखानदारीत वाढलेल्या आमच्या वाचकांना ही गोष्ट पटवून देण्यास फार युक्तिवाद लागू नये. चाकणला मागणी वाढली की नवी जोडणी शाखा घालता येते, तिसरी पाळी चालू करता येते. परंतु कुशल कारागीर तिसरी पाळी लावून तयार होत नाही, हे येथील प्रत्येक फोरमनला ठाऊक आहे. टेल्कोने पिंपरीत १९६६ साली पाय रोवला, तेव्हा सुमंत मूळगावकरांनी प्रथम मोटारी काढल्या नाहीत. येथून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधली वर्षे हत्यारे घडविण्यात आणि ती हत्यारे चालविणारी माणसे शिकविण्यात गेली. त्या दशकाला कोणी विलंब म्हटले नाही. पुढच्या पन्नास वर्षांचा पाया त्याच काळात घातला गेला. आधी माणूस, मग माल, हे सूत्र ज्या गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याच्या शेजारच्या आकाशात मात्र याच्या उलट क्रम चालला आहे.

हा उलटा क्रम आजचा नव्हे. जलद लढाऊ विमानावर जाण्यापूर्वी तरुणांना एका प्रगत प्रशिक्षण विमानाची गरज आहे, असे ला फाँटेन समितीने १९८२ साली सांगितले. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती बिदरला आली २००८ मध्ये. शिफारस आणि विमान यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली. या सव्वीस वर्षांत नवशिके तरुण मधली पायरी गाळून मिग-२१ सारख्या अवघड, वेगवान विमानावर चढत राहिले. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून मृत्युमुखी पडले. त्यांचे वडील स्वतः हवाई दलाचे निवृत्त अधिकारी, आई कविता गाडगीळ. या मातापित्यांनी सरकारला जाहीरपणे प्रश्न विचारले आणि पुढे पुण्यात तरुणांना विमानविद्या शिकविणारी संस्था मुलाच्या नावाने काढली. दुःखातून त्यांना जे उमगले, ते राज्यकर्त्यांना एका समितीने एकोणीस वर्षे आधी लिहून दिलेले होते.

यातून आम्ही शिकलो काय? प्राथमिक शिक्षणाचे एचपीटी-३२ हे विमान २००९ च्या जुलैतील अपघातानंतर कायमचे जमिनीवर बसले. त्याची जागा घेणारे विमान तयार नव्हते. २०१३ साली स्वित्झर्लंडहून पिलाटस येईपर्यंत सारा भार किरणवर पडला. पुढे याच पिलाटसच्या ६४ पैकी १६ विमानांत २०१३ ते २०२१ या काळात इंजिनातून तेल गळण्याचे ३८ प्रकार घडले, असे महालेखापाल नोंदवितात. किरणने पहिले उड्डाण केले १९६४ साली. त्याची जागा घ्यावयाचे विमान २००३ साली प्रथम उडाले आणि वीस वर्षे उलटून गेल्यावरही ते चाचण्यांतच अडकले होते; २०२५ मध्ये त्याचे ‘यशस’ असे नवे नामकरण तेवढे झाले. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही रीत आहे, आणि विहिरीस पाणी लागेपर्यंतची तहान विशीतल्या मुलांनी सोसावयाची असते.

आता वैमानिकरहित विमानांचे युग आले आहे, मग या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न काही जाणकार विचारतात. प्रश्न हास्यास्पद नाही. २०२५ च्या मे महिन्यातील संघर्षात अशा यंत्रांचे महत्त्व साऱ्या देशाने पाहिले. परंतु त्याच संघर्षाच्या पहिल्या रात्री जे हल्ले झाले, त्यांत माणसाने चालविलेली विमाने होतीच. शिवाय सरकारने स्वतःच पावणेदोनशेहून अधिक तेजस विमाने मागविली आहेत व त्या प्रत्येकात बसावयास माणूस लागतो. उद्या माणूस लागणार नसेल तर हा खर्च चुकला आणि लागणार असेल तर शिक्षणाकडील दुर्लक्ष चुकले. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट मध्यमवर्गाने, विशेषतः आईबापांनी, विचारात घेतली पाहिजे. या सेवेत गेलेल्या मुलाच्या पाठीशी देश किती उभा राहतो? प्रबोधिनीत किंवा अकादमीत शिकताना जायबंदी होऊन घरी परत पाठविलेल्या मुलांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नसे, कारण त्यांना अजून अधिकारपद मिळालेले नसते. १९८५ पासून असे सुमारे ५०० तरुण घरी परतले, अशी वृत्ते आल्यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नात लक्ष घातले. त्याच महिन्यात सरकारने माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू केली. उशिरा का होईना, हे योग्य झाले. परंतु कारखान्यात हात गमावलेल्या शिकाऊ कामगारास ‘तू अजून कायम झाला नव्हतास’ असे सांगून कोणी घरी पाठविले, तर आमच्या कामगारवस्तीत काय बोलले गेले असते? चौदा वर्षांच्या अल्पकालीन सेवेने आलेल्या वैमानिकाची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. ऐन उमेदीत तो निवृत्तिवेतनाविना बाहेर पडतो. मधल्या काळात दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलांच्या बदलत्या शाळा आणि पत्नीची सोडावी लागलेली नोकरी, हे सारे त्याच्या घराने सोसलेले असते. हवाई दलास माणसे कमी पडतात याचे एक कारण या हिशेबात नसेलच, असे म्हणता येणार नाही.

मग करावयाचे काय? आमच्या मते पहिली गोष्ट ही की, प्रशिक्षण विमानांच्या मुदतीकडे लढाऊ विमानांच्या मुदतीइतक्याच कठोरपणे पाहिले जावे. २०२३ च्या मार्चमध्ये ७० एचटीटी-४० विमानांचा करार झाला, त्यांच्या उत्पादित मालिकेतील पहिल्याने २०२५ च्या ऑक्टोबरात बंगळूरला उड्डाण केले, आणि त्याची दुसरी शाखा ओझरलाच उघडली आहे. ही विमाने वेळेवर आली नाहीत, तर संसदेत आमच्या खासदारांनी तेजसइतक्याच आग्रहाने प्रश्न विचारावा. किरणच्या जागी येणाऱ्या विमानाची तारीख सरकारने स्पष्ट सांगावी. दुसरी गोष्ट, महालेखापालांनी दाखविलेली उणीव आज किती आहे, हे देशाच्या सुरक्षिततेस बाध न येईल अशा रीतीने दरवर्षी संसदेस कळवावे. झाकलेली उणीव भरून निघत नसते.

तिसरी गोष्ट आपल्या गावाची आहे. राज्य शासनाने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे १९७७ साली प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेणारी संस्था काढली. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला २०२३ मध्ये झाली, आणि ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली शिकून बाहेर पडल्या. हवाई दलाचे प्रमुखपद भूषविलेले विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातील खेड्याचे. गुणवत्ता शहराची मक्तेदारी नव्हे. परंतु साधने शहराजवळ अधिक असतात. श्रीमंत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या महानगरपालिकेने आपल्या शाळांतील होतकरू मुलामुलींसाठी आठवीपासून गणित, विज्ञान, इंग्रजी, मैदान आणि डोळ्यांची नियमित तपासणी एवढी सोय केली, तरी दहा वर्षांत फरक दिसेल. वर्ग चालविणारा प्रत्येक शिक्षक जाणतो की, बारावीच्या तोंडावर जागे झालेल्या मुलापेक्षा आठवीत वाट दाखविलेला मुलगा पुढे जातो.

ओझरच्या रांगेत विमाने उभी राहतील. आज नाही तर उद्या, त्यांना इंजिनेही मिळतील. पैसा देऊन मिळणारी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी मिळते. परंतु २०३५ साली लोहगावच्या धावपट्टीवरून जो तरुण उड्डाण करावयाचा आहे, तो आज भोसरीत, निगडीत किंवा चाकणजवळच्या एखाद्या वाडीत आठवी-नववीच्या वर्गात बसलेला आहे. त्याचे शिक्षण आजच सुरू झाले पाहिजे; गेलेले वर्ष कोणत्याही कारखान्यात पुन्हा बनवून मिळत नाही.