मुंडण रामकुंडावर ठीक आहे

पंचवटीत गळालेल्या केसांचे कुणाला अप्रूप नसावे. रामकुंडावर रोज किती डोकी तुळतुळीत होतात, ते गोदामाईलाच ठाऊक. पण थंडी सरली की शेजारपाजारी एकच तक्रार सुरू होते, कुत्र्याच्या केसांची. सोफ्यावर केस, आमटीत केस, देवघरात केस! मग एप्रिलात कुणीतरी मशीन आणून त्या मुक्या जिवाचे मुंडण उरकतो. वर ‘उन्हाळ्यात बरे वाटेल’ म्हणून पुण्यही पदरात पाडून घेतो.

या मुंडणाला माझा विरोध आहे. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, आपला पांढरा पामेरियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर राठ केस, खाली मऊ लव. दिवस मोठा होऊ लागला की थंडीसाठी वाढलेली लव सुटते. वरचा थर ऊन अडवतो. तो भादरला तर कातडी भाजते आणि केस पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असे नाही. गळती थांबत नाहीच. आखूड केस गळतात आणि सतरंजीत रुतून बसतात.

बँकेत आम्ही रोजची रोकड रोजच जुळवत असू. इथेही तेच. सकाळी दहा मिनिटे गच्चीवर ब्रश फिरवला, तर घरात पडणारे बरेचसे केस ब्रशातच येतात. सोफ्यावरून ओला रबरी हातमोजा फिरवावा, केसांची गुंडाळी होते. आपला साबण मात्र कुत्र्याला लावू नये, कातडी कोरडी पडते. चट्टे पडले किंवा सारखी खाज सुटली, तर तो ऋतूचा दोष नव्हे. गोचीड, बुरशी काहीही असू शकते. पशुवैद्य गाठावा.

माझे खरे भांडण आहे ते निवडीशी. आमच्या इमारतीत एका कुटुंबाने हौसेने हस्की आणला. बर्फात गाडी ओढणारी जात ती, नाशिकच्या मे महिन्यात काय करणार? दीड वर्षात ‘केस फार’ म्हणून त्याची रवानगी कुणाच्या तरी मळ्यावर झाली. आपल्या दख्खनचा आखूड केसांचा कारवानी, म्हणजेच मुधोळ हाउंड, २००५ साली टपाल तिकिटावर झळकला. पण त्याला धावायला रान लागते, दोन खोल्या नव्हेत. मी तर गल्लीतलेच एखादे पिल्लू सुचवीन. केस तेही गाळते. पण सकाळी ब्रश कोण हातात धरणार, हे ते घरी येण्याआधी ठरवा.

त्या शेजाऱ्यांकडे परवा दिवाळीची साफसफाई निघाली. कपाटामागून मूठभर पांढरी लव निघाली. धाकटीने ती आईला टाकू दिली नाही.