सेवाशुल्क घेतले, सेवेचे काय?

उपाहारगृहांनी देयकात सेवाशुल्क आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले. चालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, त्यांना स्थगितीही मिळाली. परंतु २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून लावल्या. निकाल योग्यच झाला. तथापि ज्या सेवेपोटी शेकडा दहापर्यंत रक्कम मागितली जात होती, ती ग्राहकाच्या पदरात पडत होती काय, या प्रश्नाची चर्चा मात्र फारशी झालीच नाही.

मुंबई-पुण्याची जुनी उडुपी हॉटेले आणि इराणी ही काही अदबीची माहेरघरे नव्हती. पाण्याचा पेला टेबलावर आपटला जाई, बिलाचा आकडा वेटर लांबूनच ओरडून सांगे आणि इराण्याच्या भिंतीवरील सूचनांत तर सौजन्याचा लवलेशही नसे. तरीही माणसे वर्षानुवर्षे तेच टेबल धरून बसत. कोणाच्या चहात साखर कमी हे वेटरला पाठ असे. इडली गार आलीच, तर तक्रार ऐकणारा मालक चार पावलांवर गल्ल्यावर बसलेला असे आणि तिथल्या तिथे दुसरी बशी येई.

आज गल्ल्यावर पगारी माणूस असतो. वेटर तर चार-सहा महिन्यांत बदलतो. तुटपुंज्या पगारावर त्याने तरी का टिकावे? त्यात घरपोच मागण्यांची भर पडली आहे. मुदपाकखाना एकच, पण रांगा दोन. मोबाइलवरून आलेल्या मागणीमागे घड्याळ लागलेले असते. उशीर झाला की हॉटेलचे गुण घसरतात. टेबलाशी ताटकळणाऱ्या कुटुंबाजवळ असे घड्याळ नसते. साहजिकच त्याची थाळी मागे पडते, आणि विचारणा केली तर ‘येतंय, साहेब’ एवढेच उत्तर मिळते.

भाडे वाढले, कामाला माणसे मिळत नाहीत, ही मालकांची कैफियत खोटी नाही. पण गिऱ्हाईक सहसा भांडत बसत नाही, हे त्यांनी ध्यानात घेतलेले दिसत नाही. ते मुकाट्याने पैसे देते, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकते आणि पुढच्या रविवारी समोरच्या हॉटेलात जाते. हिशेबाच्या वहीत या नाराजीची नोंद होत नाही. गर्दी ओसरू लागली की मालक दर्शनी भागाला नवा रंग काढतो.