सुंदानी भाषेचा सातवा स्वर

बांडुंग म्हटलं की आपल्याला 1955 ची आशिया-आफ्रिका परिषद आठवते, फार तर नेहरूंचा एखादा फोटो. त्या शहरातली माणसं घरात कोणती भाषा बोलतात हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ती भाषा सुंदानी. जावा बेटाच्या पश्चिम भागात 3 कोटींहून जास्त लोक ती बोलतात. इंडोनेशियातल्या प्रादेशिक भाषांत जावानीच्या खालोखाल हिचाच नंबर.

हिच्यात स्वर सात. आ, इ, उ, ए, ओ हे पाच आपल्या ओळखीचे. सहावा आपल्या ‘अ’च्या जवळचा. आणि सातवा... तो देवनागरीत लिहायचा कसा, इथेच पंचाईत! तिथले लोक रोमन लिपीत ई आणि यू ही दोन अक्षरं जोडून तो लिहितात. (करून बघायचा तर ‘ऊ’ म्हणायला लागा आणि ओठांचा चंबू न करता ते हसल्यासारखे ताणून धरा. घरात कुणी नसताना केलेलं बरं.) लाल, काळा, जंगल, विस्तव, रात्र, पोट अशा अगदी रोजच्या शब्दांत तो येतो. ‘लाल’मध्ये तर दोनदा: आधी ब, मग तो, मग र, पुन्हा तो, शेवटी म. इंडोनेशियाच्या राष्ट्रभाषेत मात्र तो नाही.

आता हा स्वर नक्की उच्चारतात कुठे? अभ्यासकांत एकमत नाही. कुणी म्हणतं जीभ तोंडाच्या मध्यावर आणि वर उचललेली, कुणी म्हणतं मागे आणि जराशी खाली. दोन्ही बाजूंची चिन्हंही वेगळी. कान दोघांचेही तयार, मग खरं कोणाचं?

माझ्या मते हा वाद कानाने मिटायचा नाही, तो मोजूनच मिटेल. तोंडाच्या पोकळीत आवाज घुमतो तेव्हा काही कंपनं जोरकस होतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. तोंड जितकं उघडं तितका पहिला फॉर्मंट वर जातो; जीभ जितकी पुढे तितका दुसरा वर. पुरुषाच्या आवाजातली ‘ई’ घेतली तर पहिला 300 हर्ट्झच्या आसपास आणि दुसरा 2000 च्या वर सापडतो. ‘ऊ’चा दुसरा 1000 च्या खाली. आपला सातवा स्वर या दोघांच्या मधे कुठे पडतो ते पाहायचं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या बोर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर यासाठी फुकट मिळतं.

‘एखाद्या सुंदानी माणसालाच विचारा ना, यंत्र कशाला?’ असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च आपण जन्मभर बिनचूक वेगळे म्हणतो, पण जीभ नेमकी कुठे टेकते ते विचारलं तर दहातले नऊ जण आधी दोनदा म्हणून बघतील! बोलणाऱ्याला स्वर कोणता ते कळतं, कुठला ते कळत नाही.

पण मोजणारे दोन-चार तरुणांना स्टुडिओत बसवून शब्दांची यादी वाचून घेतात आणि सरासरीचा एक ठिपका काढून मोकळे होतात, तेव्हा मी सावध होतो. पीटरसन आणि बार्नी यांनी 1952 मध्ये अमेरिकन इंग्रजीचे दहा स्वर 76 जणांकडून म्हणून घेतले होते. बायका, पुरुष, मुलं, सगळे. ठिपक्यांचे ढगच ढग झाले आणि ते एकमेकांत घुसलेले निघाले. पुरुषाचा घसा लांब म्हणून त्याचे आकडे खाली, मुलांचे वर. हे न सावरता सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते.

सुंदानीत आणखी एक मेख आहे. म, न यांच्यासारख्या अनुनासिकानंतर येणारा स्वर नाकातून निघतो आणि हे पुढच्या स्वरांतही पसरत जातं. मधे ‘ह’ आला तरी अडत नाही. लंडनच्या आर. एच. रॉबिन्स यांनी 1957 मध्येच यावर लिहिलं. गंमत म्हणजे अनेकवचनासाठी शब्दाच्या पोटात ‘अर’ किंवा ‘अल’ घुसवतात. त्यातल्या र-ल ने खरं तर हा पसारा थांबायला हवा, तरी पुढचे स्वर नाकातच राहतात! ॲबिगेल कोन यांनी 1990 च्या प्रबंधात नाकातली हवा मोजून या पसरण्याचा अभ्यास केला. आणि नाक उघडलं की फॉर्मंटचे आकडे बिघडतात. म्हणजे कोणते शब्द वाचून घेतले यावरच निकाल फिरू शकतो. (न उच्चारले जाणारे अनुस्वार आपण 1962 च्या नियमांनी लिखाणातून काढले. कोकणीत ते स्वर अजून नाकातून ऐकू येतात.)

हे एवढं कशासाठी? तर सुंदानी मुलं शाळेत दिवसभर जी राष्ट्रभाषा ऐकतात तिच्यात हा स्वर नाही. तो त्यांच्या तोंडी जागचा हलेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण पुढे कुणाला ते तपासायचं असेल तर आज तो आजीच्या तोंडी कुठे आहे आणि नातवाच्या तोंडी कुठे, हे नोंदलेलं हवं. आजीचा आवाज नंतर आणणार कुठून?

जाता जाता: सुंदानी लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, म्हणजे देवनागरीची दूरची बहीण. 2008 मध्ये ती युनिकोडमध्ये आली. तिच्यात या स्वराला स्वतंत्र अक्षर आहे, मात्राही आहे. त्या मात्रेचं नावही छान आहे, पण त्या नावातच हा स्वर दोनदा येतो, त्यामुळे ते इथे लिहिता येत नाही :)