ट्रेलर नावाचा अविश्वसनीय निवेदक

चित्रपटाच्या ट्रेलरविषयी साहित्याच्या अभ्यासकांनी लिहावे काय, असा प्रश्न हा लेख लिहायला घेतला तेव्हा आमच्यापैकीच काहींनी उपस्थित केला. ट्रेलर म्हणजे जाहिरात, आणि जाहिरातीची समीक्षा करणे म्हणजे पुस्तक बाजूला ठेवून त्याच्या वेष्टनावर प्रबंध लिहिणे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो आम्हांला पटला नाही. दोन-अडीच मिनिटांच्या अवकाशात कुणीतरी काही सांगते, काही राखून ठेवते आणि काही जाणूनबुजून चुकीचे सुचवते, तेव्हा तिथे निवेदक असतोच. निवेदक आहे म्हटल्यावर तो कितपत विश्वासार्ह आहे हे तपासणे आपल्या कामात बसते.

मानसशास्त्रीय थरारपटाच्या, म्हणजे ज्याला सर्रास सायकॉलॉजिकल थ्रिलर म्हटले जाते त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. साध्या गुन्हेकथेत खून कोणी केला हे लपवले की भागते. इथे गुपित घटनेत नसते, पाहण्यात असते. ज्याच्या डोळ्यांनी आपण जग पाहतो आहोत त्याचे डोळेच शाबूत आहेत की नाहीत, ही ती शंका. ‘शंका’ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. भरताने भय हा भयानक रसाचा स्थायी भाव मानला आणि शंका, त्रास, उन्माद, अपस्मार यांना व्यभिचारी भावांत बसवले. या प्रकारच्या चित्रपटांत मात्र उलटे घडताना दिसते. शंका मुक्काम ठोकून राहते आणि भय येऊन-जाऊन असते. (हे शास्त्रार्थाला धरून नाही याची आम्हांला जाणीव आहे, काव्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी एवढी मोकळीक द्यावी.) आमचे म्हणणे असे की या प्रकारातले चांगले ट्रेलर शंका जागी करतात आणि आजचे बहुसंख्य ट्रेलर तिचे घाईघाईने भयात रूपांतर करून टाकतात. हे रूपांतर चित्रापेक्षा आवाजाच्या बळावर होते.

उदाहरण म्हणून १९६० सालच्या ‘सायको’चा ट्रेलर घेऊ. तो सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात चित्रपटातले जवळजवळ काहीच नाही. (ज्यांनी अद्याप ‘सायको’ पाहिला नसेल त्यांनी येथून पुढे स्वतःच्या जबाबदारीवर वाचावे.) खुद्द आल्फ्रेड हिचकॉक एखाद्या पर्यटनस्थळाच्या वाटाड्यासारखे त्या मोटेलच्या आवारात आणि मागच्या घरात फिरतात. पार्श्वभूमीला खेळकर संगीत आहे. इथे काय घडले ते ते सांगू लागतात आणि नेमके महत्त्वाचे येताच वाक्य अर्धे सोडून पुढे चालू लागतात. बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर एक चित्र आहे. त्या चित्राला फार महत्त्व आहे, असे म्हणून ते थांबतात आणि आपल्याला शेजारच्या खोलीकडे घेऊन जातात. न्हाणीघरात सारे आता पुसून स्वच्छ केले आहे, हे ते जरा हळहळल्यासारखे सांगतात.

गंमत अशी की या ट्रेलरमध्ये गुपिते सर्रास फोडलेली आहेत. खून कुठे झाला, दुसरा कुठे झाला, शस्त्र कोणते, सगळे सांगून झालेले आहे. तरी प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. कारण सांगणाऱ्याचा स्वर आणि सांगितली जाणारी गोष्ट यांचा मेळ बसत नाही. तो मेळ न बसणे हीच शंका. शिवाय हिचकॉक घरातल्या त्या म्हातारीचा उल्लेख ती हिंडती-फिरती असल्यासारखा करतात. चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे की हे असत्य आहे. पण ते नॉर्मन बेट्सचे असत्य आहे. ट्रेलरचा निवेदक वेड्याच्या दृष्टिकोनातून बोलतो, आणि तेही सुटाबुटात, अत्यंत शांतपणे.

वीस वर्षांनी स्टॅन्ली कुब्रिकने ‘द शायनिंग’च्या ट्रेलरमध्ये याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिले. एकच दृश्य, एकच स्थिर कॅमेरा. हॉटेलातल्या लिफ्टची बंद दारे. पडद्यावर खालून वर नावे सरकत जातात, दिग्दर्शकाचे, कादंबरीकार स्टीफन किंगचे, नटांचे. वेंडी कार्लोस आणि रेचेल एल्काइंड यांचे संगीत कुजबुजत, किणकिणत वाढत राहते. बराच वेळ काहीही घडत नाही. मग दाराच्या फटीतून रक्त येऊ लागते, त्याचा लोंढा होतो, खुर्च्या-कोच तरंगत पुढे येतात आणि कॅमेऱ्याची काच लाल होऊन काळवंडते. दीड मिनिटाच्या आसपासचा हा मजकूर. त्यात एक संवाद नाही, एक पात्र नाही, संकलकाची एक कात्री नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने हा ट्रेलर पाहून म्हटले होते, ‘रक्त आल्यावर सुटल्यासारखं वाटलं, त्याच्या आधीचंच सहन होत नव्हतं.’ यावर भाष्याची गरज नाही.

याच चित्रपटाची दुसरी एक झलक २००५ मध्ये इंटरनेटवर फिरली. रॉबर्ट रायंग नावाच्या तरुण संकलकाने एका स्पर्धेसाठी ‘द शायनिंग’मधलीच दृश्ये घेऊन, त्यांना पीटर गॅब्रिएलच्या एका प्रसन्न गाण्याची आणि एका उबदार निवेदनाची जोड देऊन, तो एक गोड कौटुंबिक चित्रपट असल्याचा ट्रेलर बनवला. एकाकी मुलाला शेवटी वडील मिळतात, असा त्याचा भाव. जॅक निकल्सनचे तेच दात, तेच हास्य. पण आता ते वत्सल वाटतात. कुलेशोवच्या प्रयोगाविषयी वर्गात आपण शिकवतो. नटाचा चेहरा तोच ठेवून शेजारचे चित्र बदलले की चेहऱ्याचा अर्थ बदलतो, हे त्याने मूकपटांच्या काळात दाखवून दिले होते. रायंगने ते कानाच्या बाबतीत दाखवले. आम्ही दोन्ही झलका पाठोपाठ दाखवतो, आणि एकदा आवाज बंद करूनही दाखवतो. आवाज बंद असताना दुसऱ्या झलकेतला जॅक भला की बुरा यावर वर्गाचे एकमत होत नाही. आवाज सुरू झाला की दहा सेकंदांत निवाडा होतो. आम्हांला काळजी वाटते ती या निवाड्याच्या वेगाची.

आज हा निवाडा करून देणारी ध्वनियंत्रणा जवळजवळ ठरून गेली आहे. सुरुवातीला एखादी सुखी घरगुती चौकट. मग पडदा क्षणभर काळा, आणि एक खोल घुमारा. २०१० साली ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरांनी पितळी वाद्यांची ती दीर्घ, पोटात शिरणारी गर्जना इतकी लोकप्रिय केली की पुढे कितीतरी वर्षे ती कुठल्याही चित्रपटाच्या गळ्यात बांधली गेली. त्यानंतर घड्याळाची टिकटिक किंवा हृदयाचे ठोके, व्हायोलिनचा वर वर चढत जाणारा ओरखडा, ठोक्यागणिक तुटणारी दृश्ये, अचानक शांतता, एक कुजबुजते वाक्य, शेवटी कानठळ्या. भरीला एखादे जुने, ओळखीचे गाणे संथ करून, लहान मुलीच्या किंवा थकल्या स्त्रीच्या आवाजात. वेळेचे बंधन असते हे मान्य. अमेरिकेत चित्रगृहांतल्या ट्रेलरसाठी अडीच मिनिटांची मर्यादा दीर्घकाळ रूढ होती आणि २०१४ मध्ये चित्रगृहमालकांच्या संघटनेने ती दोन मिनिटांवर आणण्याची सूचना केली. पण कुब्रिकला याहूनही कमी वेळ पुरला होता.

तंत्र तेच असून ते हुशारीने वापरता येते, हेही सांगितले पाहिजे. जॉर्डन पीलच्या ‘अस’ (२०१९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये एक कुटुंब मोटारीतून चालले आहे, गाडीत ‘लुनिझ’चे नव्वदीतले रॅप गाणे लागले आहे. आई मुलाला ताल धरायला सांगते आणि चुटक्या वाजवते. पण तिच्या चुटक्या तालात पडत नाहीत. पुढे तेच गाणे संथ होऊन, तंतुवाद्यांवर तुटक वाजत राहते. प्रचलित साच्यातलाच हा प्रकार. तरी चुकलेल्या चुटकीचा अर्थ चित्रपट संपल्यावर लागतो. आवाज इथे दचकवण्यासाठी आलेला नाही, पुरावा म्हणून आला आहे. ‘ब्लॅक स्वान’च्या (२०१०) ट्रेलरमध्ये आरशातले प्रतिबिंब आणि कातडीतून उपटलेले काळे पीस हे काम दृश्याच्या अंगाने करतात.

मात्र आमच्या मते अलीकडचा सर्वांत कपटी, म्हणून सर्वांत प्रामाणिक ट्रेलर २०१४ सालच्या ‘गॉन गर्ल’चा पहिला. गिलियन फ्लिनच्या २०१२ मधल्या कादंबरीत नवऱ्याचे निवेदन आणि बेपत्ता बायकोची रोजनिशी आलटून पालटून येतात, आणि अर्ध्या वाटेवर कळते की रोजनिशी ही रचलेली गोष्ट आहे. हे गुपित ट्रेलरने कसे जपावे? डेव्हिड फिंचरच्या चित्रपटाच्या त्या झलकेत शार्ल अझ्नाव्हूरचे ‘शी’ हे प्रेमगीत रिचर्ड बटलरच्या भरड आवाजात सुरू होते आणि सुरूच राहते. गर्जना नाही, ओरखडे नाहीत. संवाद गाण्याच्या अंगावर तुकड्यातुकड्यांनी येतात. अखेरीस पाण्याखाली निश्चल पडलेली एमी दिसते. प्रेक्षक मनाशी धरतो की ती मेली, आणि नवऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. चित्रपटात हे दृश्य आहे, पण ते एमीच्या कल्पनेतले आहे. म्हणजे ट्रेलरने आपल्याला त्याच खोट्या रोजनिशीचे वाचक बनवले. पोलीस फसले तसे आपणही फसलो, तेही तिकीट काढण्याआधी.

याच्या शेजारी एम. नाइट श्यामलनच्या ‘स्प्लिट’चा (२०१६) ट्रेलर ठेवला की आमची तक्रार स्पष्ट होईल. एका माणसात तेवीस व्यक्तिमत्त्वे, आणि त्याने पळवून कोंडलेल्या तीन मुली. जेम्स मॅकअव्हॉय आवाज आणि चालण्याची ढब क्षणात बदलतो, ते पाहण्यासारखे आहे. पण ट्रेलरमध्ये त्याचे प्रत्येक रूपांतर घुमाऱ्यासह आणि किंकाळीच्या तोंडावर येते. चित्रपट त्याला निदान एक भूतकाळ देतो, बालपणीच्या छळाचा. ट्रेलरला त्यासाठी सवड नाही. त्याचा आवाज एवढेच सांगतो की हा आजार म्हणजेच संकट. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील अनेकांनी या चित्रणावर आक्षेप घेतला होता, आणि तो रास्त होता. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते, हे संशोधनाने वारंवार दाखवले आहे. चित्रपट काही लोक पाहतात; ट्रेलर त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या कानांवर, न मागता, आदळतो. आपल्या वर्गात असा आजार सोसणारा विद्यार्थी बसलेला असू शकतो, हे आम्ही तरी विसरू शकत नाही.

मग ट्रेलरने खोटे बोलावे हे तुम्हांला चालते आणि ओरडून बोललेले मात्र चालत नाही, हे कसे, असे कुणी विचारील. होय, तसेच. खोटे बोलणारा निवेदक वाचकाला नंतर मागे वळून पाहायला लावतो. ओरडणाऱ्याला मुळी वाचक नकोच असतो.

‘सायको’च्या ट्रेलरचा शेवट आम्ही मघाशी सांगायचा राखून ठेवला होता. न्हाणीघरात उभे असलेले हिचकॉक हात पुढे करतात आणि एका झटक्यात पडदा बाजूला सारतात. बर्नार्ड हरमनची व्हायोलिने किंचाळतात, आणि आतली स्त्रीही. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती जॅनेट ली वाटते, कारण चित्रपटात त्या न्हाणीघरात मरते ती तीच. ती जॅनेट ली नाही. टोप घातलेली व्हेरा माइल्स आहे, आणि ‘सायको’मध्ये व्हेरा माइल्स शेवटपर्यंत जिवंत राहते.