गायतोंडे की सरताज? प्रश्नच चुकतोय!

परळच्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं दहा मिनिटांच्या चहात कशावरही वाद घालतात. परवा विषय निघाला ‘सेक्रेड गेम्स’चा. गणेश गायतोंडे भारी की सरताज सिंग? बहुतेकांची मतं गायतोंडेला. एकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसलाही तोच. मला विचारलं, “दादा, तुम्ही कुणाच्या बाजूने?” तेव्हा हसून टाळलं. उत्तर इथे देतोय.

विक्रम चंद्रा यांच्या 2006 च्या कादंबरीवरची ही मालिका नेटफ्लिक्सवर जुलै 2018 मध्ये आली, दुसरा भाग ऑगस्ट 2019 मध्ये. गायतोंडे म्हणजे नवाजुद्दीन सिद्दीकी, सरताज म्हणजे सैफ अली खान. समीक्षकांनी दोघांना एकाच नाण्याच्या दोन बाजू ठरवलं: दोघे एकटे, दोघे बापाच्या सावलीत वाढलेले, दोघे व्यवस्थेवर चिडलेले. हे बरोबरच आहे. पण ज्या शहरात ही गोष्ट घडते, तिथे माणसाला जात असते. त्या मापाने दोघांना तोलून बघू.

गायतोंडे भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मणाचा पोरगा. गरीब आहे, उपाशी आहे, मान्य. पण घर सोडून मुंबईत आल्यावर तो शुद्ध शाकाहारी हिंदू हॉटेलात वेटर होतो. त्याच्या हातचं अन्न कुणाला बाटत नाही. पुढे मालकावर सूड घ्यायला तो जेवणात हाडं टाकतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मित्रांनो, सूड घ्यायला आधी त्या ताटापर्यंत पोचावं लागतं!

याच परळ-लालबागमध्ये आपल्या आज्या-पणज्यांना गिरणीत काम मिळायचं, पण विणकाम खात्यात नाही. का? धाग्याला तोंड लावावं लागायचं आणि सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा. पगार त्याच खात्यात जास्त. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे दोन माणसं सारखीच उपाशी असली तरी त्यांची गरिबी सारखी नसते. एकाला दार उघडं असतं, दुसऱ्याला त्याच कामगारांच्या रांगेत दार बंद. गायतोंडे कचऱ्याच्या डोंगराचा राजा होतो. तो कचरा हाताने निवडणाऱ्यांची नावं किती जणांना आठवतात?

आता सरताज. एका मुस्लिम पोराच्या एन्काउंटरबद्दल खोटी साक्ष दे म्हणून वरिष्ठ त्याच्यावर दबाव आणतात आणि तो आतून झुरतो. माणूस म्हणून तो मला गायतोंडेपेक्षा जवळचा वाटतो. पण झुरायलाही पद लागतं, खुर्ची लागते. त्याच्याबरोबर फिरणारा हवालदार काटेकर (जितेंद्र जोशीने जीव ओतलाय) पहिल्याच भागात जिवाला मुकतो. त्याच्या वाट्याला ना बंगला, ना तत्त्वज्ञान. घरी बायको आणि पोरं.

कुणी म्हणेल, मालिका बाबा-बुवांच्या धर्मकारणावर कोरडे ओढते, तुम्हाला आणखी काय हवं? ओढते, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. दुसऱ्या भागात सरताजचा धागा नीरज घायवानने दिग्दर्शित केला. आपण दलित आहोत हे उघडपणे सांगणारा दिग्दर्शक. तोही आनंदच. पण पहिल्या भागाच्या एपिसोडची नावंच बघा: अश्वत्थामा, ब्रह्महत्या, ययाती. गिरणगावचा इतिहास सोडून गुन्हेगाराला पुराणात नेऊन बसवलं की तो मोठा दिसतो. 1982 च्या संपानंतर रिकाम्या झालेल्या चाळींतून टोळ्यांना पोरं कशी मिळाली, हे सांगायला अश्वत्थामा लागत नाही.

हे सगळं मनोरंजन म्हणून सोडून दिलं असतं. पण स्टेटस ठेवणाऱ्या त्याच पोराला मागच्या वर्षी मोबाईल चोरीच्या संशयावरून उचललं होतं. रात्रभर बसवून ठेवलं. फोन तपासताना स्टेटस दिसलं आणि चेष्टा सुरू झाली, “काय रे गायतोंडे?” सकाळी सोडलं, गुन्हा काहीच नव्हता. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. त्या दिवशी चारही घरं बुडाली. पडद्यावरच्या गायतोंडेच्या पाठीशी वकील, मंत्री, गुरुजी. आमच्या पोराच्या पाठीशी एक माऊली आणि तिचा खाडा.

म्हणून माझं उत्तर: दोघांपैकी कुणीच नाही. मालिका जरूर बघा, मीही दोन्ही भाग बघितलेत. पण बघताना विचारा, हॉटेलच्या मागच्या दाराला भांडी कोण घासतंय? आणि स्टेटस ठेवायचंच असेल तर संविधानाचं कलम 22 ठेवा: अटकेचं कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. अभ्यासिकेच्या भिंतीवर मी ते मोठ्या अक्षरात लावलंय. पोरं चहा पिताना वाचतात.

जय भीम!