रेडरचा भाव, रेडरचा गुडघा

मैदानाकाठी

अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाचा एक गडी असतो. चेंडू काखेत घट्ट दाबायचा आणि शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांमधून वाट काढत पळत सुटायचं, हे त्याचं काम. समोरच्या अकराही जणांना त्यालाच पाडायचं असतं. त्यामुळे तिथल्या बहुतेक रनिंग बॅकचा खेळ तीनेक वर्षांत आटोपतो. बदलापूर-अंबरनाथच्या वाचकाला हे फार फोड करून सांगावं लागणार नाही. आपल्या रेडरवर सात जण टपलेले असतात, पळायला मोकळं रान नसतं आणि ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तीस सेकंदांत मध्यरेषेवर परतायचं असतं. अमेरिकन फुटबॉल इकडे रुजवायचाही प्रयत्न झाला होता. २०१२मध्ये लीग निघाली, तिचे सामने कोलंबोत झाले, पुणे मराठाज नावाचा संघही उतरला. पुढे त्याचं काही झालं नाही. धावत्या माणसाला पाडायचा खेळ आपल्याकडे आधीच होता.

कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात टॉवर उठले, शेतं गेली. जुन्या गावठाणांतली कबड्डी मात्र गेली नाही. थंडी पडली की मंडळांचे फलक लागतात आणि प्रकाशझोतातले सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. अशा कुठल्याही सामन्यात लोक बघायला येतात ते रेडरला. उजव्या कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरून तीन चढाया फुकट घालवल्या तरी शिट्ट्या बोनस मारणाऱ्यालाच. प्रो कबड्डीच्या लिलावातही बोली बहुधा त्याच्यावरच चढते.

तो भाव कसा चढतो आणि उतरतो, हे सिद्धार्थ देसाईच्या आकड्यांत पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा गडी. २०१८मध्ये यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे २१८ गुण आणले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. त्यानंतरच्या लिलावात १ कोटी ३० लाख. त्या मोसमात तो दुखापतीने लवकरच बाहेर बसला आणि २०२२मध्ये त्याच संघाने त्याच खेळाडूला २० लाखांना उचललं. वर्षभराने हरियाणा स्टीलर्सने पुन्हा १ कोटी दिले. शेअर बाजारात लोक असे चढउतार पाहतात तेव्हा निदान पैसे तरी त्यांचे असतात; इथे हाडंही स्वतःचीच.

पवन सेहरावतचं उदाहरण तर अजून बोलकं. २०२२मध्ये तमिळ थलायवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाखांचा विक्रम केला आणि पहिल्याच सामन्याच्या सुरुवातीच्या मिनिटांत त्याचा गुडघा गेला. अख्खा मोसम बुडाला. पुढच्या लिलावात त्याला आणखी मोठी बोली लागली, कारण तो पवन होता. मोठ्या नावाला बाजार वर्षभर थांबतो. चिखलोलीच्या किंवा बेलवलीच्या पोरासाठी कोण थांबणार?

गुडघ्याचाच प्रश्न आहे म्हणून थोडं त्याविषयी. मातीवर पाय सरकतो, ढोपर सोलवटतं, पण वळताना पाय मोकळा राहतो. मॅटवर बूट चिकटून बसतो. रेडर कोपऱ्याला हात लावून गर्रकन फिरतो, तळवा जागेवरच राहतो, वरचं अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यातल्या अस्थिबंधावर येतो. पोरं म्हणतात, ‘लिगामेंट गेलं.’ शस्त्रक्रिया करून नीट व्यायाम घेतला तरी मैदानावर यायला नऊ-दहा महिने जातात. आपल्या पट्ट्यातली पोरं संध्याकाळी मॅटवर सराव करतात आणि रात्री मातीवर सामना खेळतात. एकाच आठवड्यात शरीराला दोन वेगळ्या जमिनी सांभाळायला लावायच्या आणि दुखलं तर बर्फ लावून पुढच्या फेरीत उतरवायचं. त्याला आपण जिगर म्हणतो. मी त्याला आयोजकांची बेफिकिरी म्हणेन.

पूर्वी रेडरची कमाई लिलावात ठरत नसे, ती पगारपत्रकावर येत असे. जिल्हा अजिंक्यपद, मग राज्य निवड चाचणी, मग कुठल्यातरी व्यावसायिक संघात बोलावणं: मध्य रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, देना बँक, भारत पेट्रोलियम, महिंद्रा. पाच-सात वर्षं खेळायचं आणि पुढची पंचवीस वर्षं टेबलावर बसून हप्ते फेडायचे. कर्जत लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्यांत असे जुने चढाईपटू अजून भेटतात. जिना उतरताना कठडा धरतात तेव्हा ओळखू येतात. आता ती दारं एकेक करून लागत चालली आहेत. देना बँक २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया २०२२मध्ये टाटांकडे गेली. सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण आहे, पण बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी खऱ्या खेळाडूची वाटही किचकट केली. मुलींचं तर विचारूच नका. २०१६मध्ये पुरुषांच्या लीगबरोबर महिलांची एक छोटी स्पर्धा झाली, आपली अर्जुन पुरस्कारविजेती अभिलाषा म्हात्रे त्यात एका संघाची कर्णधार होती. ती स्पर्धा पुन्हा भरली नाही. मुलींना आजही नोकरी हाच लिलाव.

मला लीगशी वैर नाही. २०१४मध्ये ती सुरू झाली तेव्हा कबड्डीपटूला टीव्हीवर बघून आमच्यासारखे अनेक जण हरखले होते. पण बारा संघांत जागा किती आणि मैदानं किती! लीगचं स्वप्न बघून बारावीनंतर कॉलेज सोडणाऱ्या पोराला घरच्यांनी आकडे दाखवावेत.

अमेरिकेत २०२३च्या जुलैमध्ये नामवंत रनिंग बॅक मंडळींनी व्हिडिओ कॉलवर एकत्र येऊन ‘आमचे मोबदले का घटताहेत’ यावर खल केला. तिथे खेळाडूंची संघटना आहे. बॅरी सँडर्ससारखा माणूस १९९९मध्ये, सर्वाधिक यार्डांच्या विक्रमाला दीड हजारांहून कमी यार्ड उरलेले असताना, गावाकडच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त होऊ शकला. एकतिसाव्या वर्षी, पायावर उभा असताना. आपला रेडर खेळ सोडायला निघाला की मंडळाचे अध्यक्ष घरी येतात, ‘यंदाची स्पर्धा तेवढी खेळ.’

म्हणून या मोसमात स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांकडे माझी मागणी साधी आहे. मालिकावीराच्या बक्षिसातून थोडे पैसे काढा आणि उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा उतरवा. मैदानाला लागून रुग्णवाहिका ठेवा, तिच्यात स्ट्रेचर आहे ना ते बघा. फलकावर आमदार, नगरसेवक, भावी नगरसेवक असे पंधरा-वीस चेहरे मावतात; त्यातला एखादा काढून फिजिओथेरपिस्टला बोलवा आणि त्याची खुर्ची पाहुण्यांच्या मंचावर नको, लॉबीच्या रेषेलगत ठेवा.

— मैदानकर