फिट, पण कोणत्या कामाला?

अर्धांगवायूतून सावरलेला माणूस कामावर परततो तेव्हा त्याच्या हाती फिटनेस सर्टिफिकेट असते. त्यावर बहुधा एकच ओळ : कामावर रुजू होण्यास योग्य. कोणत्या कामासाठी, दिवसाचे किती तास, याचा उल्लेख नसतो. बसचालक, कॅशियर, शिक्षक, सगळ्यांना तीच ओळ.

दवाखान्यात मोजले जाते ते वेगळेच. बार्थेल निर्देशांकात जेवण, आंघोळ, कपडे, जिना अशा 10 गोष्टी पाहतात. त्यात 100 पैकी 100 मिळाले म्हणजे माणूस घरातल्या रोजच्या गोष्टी स्वतः करतो, एवढेच कळते. काउंटरवर रांग लागलेली असताना नोटा मोजायच्या, मध्येच फोन घ्यायचा आणि पुन्हा त्याच आकड्यावर यायचे, हे जमेल का? ते त्यात कळत नाही. लुळा पडलेला हात चारचौघांना दिसतो. दुपारनंतरचा थकवा, ऐनवेळी न सुचणारा शब्द, दोन्ही डोळ्यांना न दिसणारी एक बाजू यांतले काहीच दिसत नाही. मग धडधाकट दिसणारा हा माणूस कामचुकार ठरतो.

कामातल्या अडचणी मोजता येतात. अमेरिकेत डेब्रा लर्नर आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी 25 प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. वेळ सांभाळणे, अंगमेहनत, डोक्याचे काम व माणसांशी व्यवहार, कामाचा उरक, असे तिचे चार भाग आहेत. मात्र अर्धांगवायूत तेवढ्यावर विसंबता येत नाही. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्या काहींना स्वतःची उणीव जाणवतच नाही. ते अगदी प्रामाणिकपणे 'अडचण नाही' असे सांगतात. भाषेवर परिणाम झालेल्याला प्रश्नच नीट कळत नाहीत. म्हणून शेजारी काम करणाऱ्यालाही विचारावे आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टने त्या माणसाला प्रत्यक्ष काम करताना पाहावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 20 नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते. खासगी नोकरदाराला हे कलम लागू नाही. पण काय झेपते हेच तपासले नाही, तर सरकारी नोकरीतही बदली अंदाजानेच होणार. चालकाला उचलून टेबलावर बसवले आणि त्याची अडचण नेमकी आकड्यांची निघाली, तर ते 'हलके काम'च त्याला जड जाते.

डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर सही करण्याआधी चार गोष्टी लिहाव्यात : कोणती कामे जमतात, कोणती नाहीत, सुरुवातीला किती तास आणि पुन्हा तपासणी केव्हा. आणि साहेबांनी त्या वाचल्याशिवाय टेबल ठरवू नये.